बारावीनंतर मुलामुलींना कृषी शिक्षणासाठी कोठे पाठवावे?

(धान उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

बारावीचा निकाल आणि धानाचे पऱ्हे टाकण्याची तयारी ही दोन्ही कामे आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात एकाच सुमारास येतात. बियाणे घेताना आपण किती चौकशी करतो ते आठवा. बांधी उताराच्या वरच्या अंगाला असेल तर ११५ ते १२० दिवसांत निघणारा हलका धान घेतो. खालच्या अंगाला, पाणी धरून ठेवणारी बांधी असेल तर १४० दिवसांच्या वरचा भारी धान घेतो. शेजाऱ्याला गेल्या साली काय उतारा पडला ते विचारतो. कृषी केंद्रवाल्याचे ऐकतो, पण डोळे झाकून ऐकत नाही. आणि हा धान तर एका हंगामाचा असतो. निवड चुकली तर पुढल्या साली सुधारता येते.

मुलाच्या किंवा मुलीच्या प्रवेशाचा अर्ज मात्र आपण तालुक्याला संगणक केंद्रावर जाऊन अर्ध्या तासात भरून येतो. केंद्रावरचा पोरगा विचारतो, "कोणती कॉलेजं टाकू?" आपण म्हणतो, "टाक चांगली चांगली." हा निर्णय एका हंगामाचा नसून चार वर्षांचा असतो आणि त्यात घरची पुंजी गुंतलेली असते. म्हणून आज खत-औषधांवर न बोलता या विषयावर बोलावे असे ठरविले.

आमच्या घरचा अनुभव

मी नागभीड तालुक्यातील धान उत्पादक घरातली आहे. माझा मोठा भाऊ २००४ साली बारावी झाला. त्याला कृषी पदवी करायची होती. त्या वेळी गावात एक ओळखीचे गृहस्थ आले व त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील एका खाजगी महाविद्यालयाचे नाव सुचविले. बाबांनी दोनच प्रश्न विचारले, फी किती आणि नोकरी लागते का. दोन्हींची उत्तरे गोड मिळाली. एक एकर बांधी गहाण ठेवून भावाला पाठविले. पोहोचायला दोन दिवस लागत. पहिल्या सत्रात तो एकदाही घरी येऊ शकला नाही. तिकडची पिके ऊस आणि द्राक्षे. प्रात्यक्षिकाच्या वेळी वर्गातल्या इतर मुलांना जे घरूनच माहीत होते ते त्याला नवीन होते आणि त्याला जे माहीत होते ते तेथे कोणी विचारत नव्हते. त्याच्या बोलीला मुले हसत. जेवणही मानवले नाही. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर तो सामान घेऊन परत आला. बाबांनी त्याला एका शब्दाने बोलले नाही, परंतु ती बांधी सोडवायला आम्हाला २०१३ साल उजाडले.

यात त्या महाविद्यालयाला दोष देण्यासारखे फारसे नव्हते. तेथे शिकून चांगली निघालेली मुले मी नंतर पाहिली. दोष आमच्या चौकशीचा होता. खोलगट बांधीचे वाण आम्ही बरडीवर लावले, एवढीच ती गोष्ट.

तीन वर्षांनी माझी पाळी आली तेव्हा बाबा म्हणाले, "आता कुठं पाठवायचं नाही." आईने त्यांची समजूत काढली. मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात अर्ज केला. हे महाविद्यालय १९०६ सालचे, विदर्भातील सर्वांत जुने. त्याही पेक्षा आमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे नागभीडहून नागपूरला तेव्हा छोट्या रुळाची रेल्वे होती. ती २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने मी शनिवारी निघून घरी येत असे आणि रविवारी परत जात असे. पहिल्या वर्षी मला त्या गाडीने टिकवून ठेवले असे मी आजही मानते. पदवी झाल्यावर पदव्युत्तर शिक्षणासाठी अकोल्याला गेले तेव्हा अंतर बरेच वाढले होते, पण तोपर्यंत माझे पाय घट्ट झाले होते.

प्रथम स्वतःला विचारावयाचा प्रश्न

कोठे पाठवावे याच्या आधी कशासाठी पाठवावे हे ठरले पाहिजे. मागे एका सभेत एक वडीलधारे शेतकरी मला म्हणाले, "मॅडम, आमच्या दादाजींनी तिसरीपर्यंत शिकून एचएमटी काढला. मग पोरांना कॉलेज कशाला?" प्रश्न रास्त आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून एचएमटी धान मिळाला. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये ते वारले. शोधक नजर महाविद्यालयात मिळत नाही, ती घरून न्यावी लागते, हे दादाजींनी दाखविले आहे.

परंतु त्याच वाणाच्या श्रेयावरून पुढे किती वाद झाला हेही आपण जाणतो. आज वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. त्यासाठी नोंदी ठेवणे, वाणाची लक्षणे लिहिणे, अर्ज भरणे ही कामे करणारा माणूस घरात किंवा गावात हवा. शिक्षण त्यासाठी आहे.

म्हणून मुलाला जवळ बसवून विचारा. त्याला परत येऊन शेती करायची आहे काय? स्पर्धा परीक्षा देऊन कृषी सेवेत जायचे आहे काय? संशोधनात जायचे आहे काय? की केवळ गुण कमी पडले म्हणून तो कृषीकडे वळतो आहे? प्रत्येक उत्तराला वेगळे ठिकाण योग्य ठरते.

आपल्या जवळ काय आहे?

आपल्या भागात काहीच सोय नाही असा समज अजूनही आहे. तो आता खरा राहिलेला नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे झाली आणि विदर्भातील सर्व ११ जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. या विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय गडचिरोली येथे आहे, तसेच चंद्रपूर जिल्ह्यात मूल येथेही आहे. वरोऱ्याला आनंदवनात महारोगी सेवा समितीचे आनंद निकेतन कृषी महाविद्यालय आहे आणि ते याच विद्यापीठाशी संलग्न आहे. सिंदेवाहीला विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, जेथे धानावर काम चालते. सिंदेवाही-१ आणि पीकेव्ही एचएमटी ही नावे आपल्या परिचयाची आहेतच.

आता हे नकाशावर ठेवून पाहा. गोंदियाहून बल्लारशाहला जाणारी रेल्वे वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही व मूल या गावांवरून जाते. या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या मुलाला मूलचे महाविद्यालय रेल्वेने गाठता येते. वरोरा, भद्रावती व राजुरा भागातील जमीन काळी, पिके कपाशी, सोयाबीन व तूर. त्यांना वरोरा जवळचे आणि पीकपद्धतीनेही ओळखीचे. गडचिरोली, चामोर्शी, धानोरा व आरमोरी येथील मुलांना गडचिरोली सोयीचे. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचाच्या मुलांना मात्र गडचिरोलीसुद्धा दूरच आहे. जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला तरी दक्षिण टोकाचे अंतर काही कमी झाले नाही. पावसाळ्यात नाले भरले की दोन-दोन दिवस वाट अडते. या मुलांच्या बाबतीत वसतिगृहाचा प्रश्न फीच्या आधी सोडवावा लागतो.

दूरच्या विद्यापीठांचा विचार कधी करावा?

राज्यात कृषी विद्यापीठे चार आहेत. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचे. ऊस, फळबागा, पाणी व्यवस्थापन आणि सोलापूरकडची कोरडवाहू शेती यांवर तेथे मोठे काम झाले आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ ही दोन्ही १९७२ सालची. परभणीला ज्वारी, कापूस व कडधान्ये, तर दापोलीला आंबा, काजू, मत्स्य आणि भात. कोकणातील भातशेती आपल्यासारखीच पावसावरची असल्याने दापोली दूर असूनही आपल्या मुलांना परकी वाटत नाही, असे मला तेथे शिकलेल्या दोघा-तिघांनी सांगितले.

आणखी एक ठिकाण आपल्या लक्षात येत नाही. कोरची व कुरखेडा भागातून राहुरीपेक्षा रायपूर जवळ आहे. तेथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय १९८७ साली स्थापन झाले. त्यांच्याकडे धानाच्या २० हजारांहून अधिक वाणांचा संग्रह आहे. डॉ. रिछारिया यांनी त्यांपैकी बहुतेक वाण गावोगाव फिरून गोळा करविले होते. धान, जंगल आणि आदिवासी शेती हे तेथील अभ्यासाचे विषय आपल्याशी जुळतात. दुसऱ्या राज्यातील विद्यापीठात काही जागा राष्ट्रीय पातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षेतून भरल्या जातात. हुशार मुलाने राज्याच्या सीईटीबरोबर तीही परीक्षा द्यावी. तेथे शिकण्याची भाषा इंग्रजी आणि आजूबाजूची हिंदी, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि शेती म्हणजे फक्त बी.एस्सी. कृषी नव्हे. अकोल्याला वनविद्या, उद्यानविद्या व कृषी अभियांत्रिकीचे पदवी अभ्यासक्रम आहेत. नागपूरला पशुवैद्यकीय व मत्स्य विज्ञान महाविद्यालये आहेत. ती २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत. आपल्याकडे मालगुजारी तलाव व बोड्या गावोगाव आहेत, ढिवर बांधवांच्या मासेमारी संस्था आहेत. तेव्हा मत्स्य शाखेचा पदवीधर आपल्याच भागात उपयोगी पडणारा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि त्यानंतर पुष्कळ ग्रामसभा बांबू व तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. त्यांना वनविद्या शिकलेला गावचाच मुलगा मिळाला तर व्यवस्थापन आराखड्यासाठी बाहेरच्याची वाट पाहावी लागणार नाही. बांबूच्या कामात रस असणाऱ्यांसाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

ठिकाण निवडताना पाहावयाच्या सहा बाबी

एका कोऱ्या कागदावर मनात असलेली पाच-सहा महाविद्यालये लिहावीत व प्रत्येकापुढे पुढील सहा बाबींची माहिती भरावी.

१) अंतर व प्रवास : किलोमीटर न लिहिता तास लिहावेत. किती गाड्या बदलाव्या लागतात, रात्री उतरावे लागते काय, पावसाळ्यात वाट बंद होते काय, हे लिहावे. महिन्यातून एकदा घरी यायचे धरले तर वर्षाला सुमारे दहा फेऱ्या होतात व चार वर्षांत ४०. एका फेरीच्या दोन्ही बाजूंच्या भाड्याला ४० ने गुणून तो आकडा फीच्या शेजारी मांडावा. पुष्कळदा स्वस्त वाटणारे दूरचे महाविद्यालय या एका गुणाकाराने महाग ठरते.

२) वसतिगृह : आहे असे छापलेले असते, पण पहिल्या वर्षाच्या सर्व मुलांना मिळते काय, मुलींसाठी स्वतंत्र आहे काय, खानावळ आवारात आहे काय, हे विचारावे. बाहेर खोली घ्यावी लागली तर दरमहा खर्च किती येतो हे तेथे शिकणाऱ्या मुलालाच विचारावे.

३) प्रक्षेत्र व पिके : कृषी महाविद्यालयाला स्वतःची शेती हवी. किती एकर आहे, ओलीत आहे काय, धान घेतला जातो काय, जनावरे आहेत काय हे पाहावे. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी एक सत्र गावात शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते आणि ही गावे साधारणपणे महाविद्यालयाच्या आसपासची असतात. परत येऊन धानशेती करू इच्छिणाऱ्याने ते सत्र धानाच्या गावात काढले तर त्याचा फायदा जन्मभर होतो. उलट संशोधनात किंवा कंपनीत जाऊ इच्छिणाऱ्याने आपल्याला अनोळखी असलेल्या पिकांचा प्रदेश निवडला तरी चालेल.

४) मान्यता व शिक्षक : महाविद्यालय खाजगी असेल तर ते कोणत्या कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्याला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे काय, हे लेखी पाहावे. पुढे राज्याबाहेर पदव्युत्तर शिक्षणास जाताना ही अधिस्वीकृती विचारली जाते. कृषीविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र अशा प्रत्येक विषयाला नेमलेला शिक्षक आहे काय हे पाहावे. मध्यस्थाच्या तोंडी सांगण्यावर पैसे देऊ नयेत. पैसे फक्त महाविद्यालयाच्या पावतीवर द्यावेत.

५) भाषा व सोबत : अभ्यासक्रम इंग्रजीत असतो. माडिया, गोंडी किंवा तेलुगू घरात बोलणाऱ्या मुलाला मराठीच दुसरी भाषा असते व इंग्रजी तिसरी. अशा मुलाला पहिल्या वर्षी आपल्या भागातील दोन-चार मुले वर्गात असली तर फार आधार होतो. आमच्या वर्गातील भामरागडकडच्या एका मुलीने पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडले नाही. तिच्या खोलीत धानोऱ्याची एक मुलगी आली आणि दोघी रात्री माडियातून धडा समजावून घेऊ लागल्या. ती मुलगी आज सरकारी सेवेत आहे.

६) मुलाचा स्वभाव : ही बाब आईला सर्वांत चांगली माहीत असते. बाहेरगावी मावशीकडे चार दिवस राहिलेले नाही असे मूल एकदम ६०० किलोमीटरवर पाठवू नये. जे मूल गावात रमत नाही, ज्याला नवे माणूस दिसले की बोलावेसे वाटते, त्याला जबरदस्तीने जवळ ठेवू नये.

कागद भरून झाला की मुलाला आपल्या मनाने क्रम लावायला सांगावे. नंतर आई-वडिलांनी आपला क्रम लावावा. दोन्ही क्रम जेथे जुळत नाहीत तेथेच बसून बोलावे. शक्य असेल तर पहिल्या दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे. तपासणी करून आणलेल्या बियाण्याला आपण जसा एक दिवस देतो तसाच हा एक दिवस. तेथे गेल्यावर कार्यालयात कमी आणि वसतिगृहाच्या ओट्यावर जास्त बसावे.

जवळच्या महाविद्यालयाचा धोका

आतापर्यंतचे ऐकून आपणास वाटेल की मी जवळच पाठवा असे सांगते आहे. तसे नाही. जवळपणाचा एक मोठा धोका आहे आणि त्याला जबाबदार आपण पालकच असतो.

पहिले सत्र सुरू होते तेव्हा आपल्याकडे रोवणीची घाई असते. मजूर मिळत नाहीत. महाविद्यालय २०-२५ किलोमीटरवर असेल तर वडिलांचा फोन येतो, "दोन दिवस ये." दोनाचे आठ होतात. परीक्षेच्या सुमारास कापणी-बांधणी येते, पुन्हा तेच. कृषी विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिक चुकले तर ते घरी बसून भरून निघत नाही. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. हुशार होता, पण त्या सत्रात हजेरीमुळे त्याला परीक्षेला बसता आले नाही. त्याचे वडील मला भेटायला आले आणि बराच वेळ काही न बोलता बसले. शेवटी म्हणाले, "चार मजुरांचे पैसे वाचवले मॅडम, अन् पोराचे सहा महिने गमावले." मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

म्हणून जवळच्या महाविद्यालयात घालणार असाल तर मुलाला वसतिगृहात ठेवा आणि रोवणीच्या दिवसांत तो घरी नाही असे समजून मजुरांची सोय करा. हे जमणार नसेल तर थोडे दूरचे, चार-पाच तासांवरचे ठिकाण निवडलेले बरे.

खर्च व कागदपत्रे

आपल्या भागात पैशांअभावी शिक्षण थांबते त्यापेक्षा कागदाअभावी जास्त थांबते, असा माझा अनुभव आहे. ७/१२ चा उतारा, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे अकरावीतच गोळा करावयास लागावीत. जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. निकालानंतर धावपळ करून ते हाती येईल अशा भरवशावर राहू नये.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, आणि तेथे प्रवेश न मिळाल्यास पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजनेतून निवास-भोजनासाठी रक्कम मिळू शकते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशाच स्वरूपाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमात केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. तेव्हा "पोरीच्या फीला पैसे कुठले" हे कारण आता सांगू नये. प्रत्येक योजनेच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेप्रमाणे वाचून अर्ज करावा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. यांतील बहुतेक लाभ प्रवेश कोणत्या मार्गाने झाला यावर अवलंबून असतात. मध्यस्थामार्फत व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा पुष्कळदा या सवलतींना मुकते. अर्ज भरताना पहिला विकल्प म्हणून जे नाव लिहाल ते मिळाल्यास जाण्याची तयारी असली पाहिजे. नुसते नाव मोठे म्हणून वर टाकू नये. आणि एकच नाव टाकूनही थांबू नये. पहिले मनाचे, मधले तीन-चार चालण्यासारखे आणि शेवटची दोन खात्रीची, असा क्रम ठेवावा.

प्रवेश नाहीच मिळाला तर?

गुण कमी पडले म्हणून मुलाने शेतीचे शिक्षण सोडावे असे नाही. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयांतून दोन वर्षांची मराठी माध्यमाची पदविका आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे १९८९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे, कृषी अभ्यासक्रम घरची शेती सांभाळून करता येतात. सिंदेवाही व गडचिरोली येथील कृषी विज्ञान केंद्रांत अल्प मुदतीची प्रशिक्षणे होतात. माझा भाऊ परत आल्यावर दोन वर्षे गप्प होता. पुढे त्याने मुक्त विद्यापीठाची पदविका केली. आज तो आमची बांधी कसतो, गावातल्या शेतकऱ्यांसाठी बियाणे तयार करतो आणि वाण निवडताना माझ्यापेक्षा त्याचे म्हणणे लोक जास्त ऐकतात. पण त्याला त्याच्या जागी पोहोचायला जी वर्षे लागली, ती आम्ही २००४ साली एक दिवस चौकशीत घालविला असता तर वाचली असती.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या साली पऱ्हे टाकण्याआधी एक संध्याकाळ मुलाबरोबर बसा. तो सहा बाबींचा कागद करा. त्यात काही अडले तर जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात येऊन विचारा. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही शिक्षक मंडळी बहुधा तेथेच भेटतो आणि विचारणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही. येताना मुलाला बरोबर आणा आणि बोलण्याची पहिली पाळी त्याला द्या.